केसपेपरवर सायकल लिहा



समजा, सत्तरीच्या एक आजी सकाळी भाजी आणायला निघाल्या आहेत. गल्लीच्या तोंडाशी शाळेला उशीर झालेला मुलगा सायकल दामटत येतो, हँडल आजींच्या कमरेला लागतं आणि त्या आडव्या होतात. एक्स-रेत खुब्याजवळ मांडीच्या हाडाची मान मोडलेली दिसते. सोबत आलेले शेजारी कॅज्युअल्टीत सांगतात, "पडल्या." डॉक्टर लिहितात, "पडून दुखापत." मुलगा ओळखीतला असला, तर पोलिसांचं लचांड नको म्हणून सायकलचं नाव मुद्दामही गिळलं जातं.

पुढे हा कागद कोडिंगला, म्हणजे दुखापतीला आणि तिच्या कारणाला ठरलेले कोड द्यायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात आजींच्या मोडलेल्या हाडाला एस ७२.० हा कोड आहे. त्यात वाद नाही. पण हाड मोडलं कशानं, याचा कोड वेगळा. तो विसाव्या प्रकरणात सापडतो, आणि त्या प्रकरणाची सुरुवातच आपल्या आजींपासून होते म्हणा ना! पहिला कोड व्ही ०१ : सायकलच्या धडकेत जखमी झालेला पादचारी. सार्वजनिक रस्त्यावर घडलं तर व्ही ०१.१, सोसायटीच्या आवारात घडलं तर व्ही ०१.०. आजींच्या वाट्याला मात्र येतो डब्ल्यू १९, म्हणजे कसं पडल्या ते न सांगितलेलं पडणं. पादचाऱ्याला "वाहनाची धडक" एवढंच लिहिलं, तर व्ही ०९. मग ती सायकल होती की ट्रक, कोण सांगणार?

या वर्गीकरणात पादचारी म्हणजे फक्त पायी चालणारा नव्हे. हातगाडी ढकलणारा, व्हीलचेअरवरचा, रस्त्याकडेला गाडीचं चाक बदलणारा, हे सगळे त्यात येतात.

चुकीच्या कोडसाठी कोडरला दोष देऊन उपयोग नाही. कागदावर नाही ते कोडमध्ये घालायची त्याला मुभाच नसते. अमेरिकेतल्या रुग्णालयांचं कोडिंग आपल्याकडे बसून करणाऱ्या मुलामुलींनाही हाच नियम. आयसीडी-१०च्या अमेरिकी आवृत्तीत तर शेवटी एक अक्षरही जोडावं लागतं : उपचार चालू असताना ए, बरं होण्याच्या काळात डी, मागे राहिलेल्या व्यंगाला एस.

खरी गफलत होते ती मृत्यूच्या दाखल्यावर. खुबा मोडलेली म्हातारी व्यक्ती अंथरुणाला खिळते, न्यूमोनिया होतो आणि काही आठवड्यांनी जाते. रुग्णालयातला डॉक्टर नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला भरतो. त्यात नुसतं "न्यूमोनिया" लिहिलं, की मृत्यू आजाराच्या खात्यात जमा! वास्तविक अशा मृत्यूचं मूळ कारण म्हणून ती धडकच मोजायची असते, आणि दुखापत कशी झाली हे तो नमुना स्पष्ट विचारतो. रकाना मात्र कोरा राहतो. मग सायकलींमुळे पादचाऱ्यांना काही होतच नाही, असं आकडे सांगू लागतात, आणि त्याच आकड्यांवर पदपथांचं नियोजन झालं, तर तेही चुकतं.

अपघाताची एम.एल.सी., म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण अशी नोंद होते म्हणून घाबरू नका. ती नोंद म्हणजे कुणावर गुन्हा सिद्ध होणं नव्हे. तेव्हा जखमीला घेऊन दवाखान्यात जाल, तेव्हा "पडले" म्हणून थांबू नका. कशाची धडक बसली, रस्त्यावर की आवारात, आणि माणूस तेव्हा काय करत होता, एवढं सांगा आणि ते केसपेपरवर उतरलं आहे ना, हे तिथेच वाचून पाहा.