नकाशा सोबत न्या



स्नेहसंमेलनात पाहुण्याने यशस्वी माणसांविषयी बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र २४ व्या वर्षी उपासमारीने गेलेल्या एका तरुणाविषयी बोलणार आहे. ख्रिस्तोफर मॅकँडलेस १९९० मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातून पदवीधर झाला. साठवलेले सुमारे २४ हजार डॉलर त्याने एका सेवाभावी संस्थेला देऊन टाकले आणि घरी न कळवता निघून गेला. एप्रिल १९९२ मध्ये तो अलास्काच्या रानात शिरला, तिथे पडून असलेल्या एका जुन्या बसमध्ये राहिला आणि ऑगस्टमध्ये तिथेच गेला. पुढे पुस्तक आलं, चित्रपट आला आणि तो जगभरच्या तरुणांचा नायक झाला. त्याला वेडा ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. पैसा आणि पद यापलीकडे आयुष्य नाही का, हा त्याचा प्रश्न रास्त होता. पण माणसं सोडली की आपण मोकळे होतो, हे त्याचं उत्तर त्याच्याच अनुभवाने खोटं ठरवलं.

त्याच्या पायातले रबरी बूट त्याला वाटेच्या तोंडापर्यंत सोडणाऱ्या चालकाने दिलेले होते. रानातली कंदमुळं त्याने ओळखली ती अलास्कातल्या देनाइना आदिवासींचं वनस्पतिज्ञान नोंदवलेल्या पुस्तकावरून. इतके दिवस तो तगला, तो इतरांनी मिळवलेल्या ज्ञानाच्या जोरावर. आणि जिथे ते कमी पडलं, तिथेच अडला. जूनमध्ये त्याने मूस हे सांबराहून थोराड जनावर मारलं. तिथले शिकारी मांसाच्या पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवतात. याने धुरी देण्याचा खटाटोप केला आणि काही दिवसांतच मांसात अळ्या पडल्या. जनावराचा जीव वाया गेला, याचं त्याला अतोनात दुःख झालं. तसं त्याने लिहून ठेवलं आहे. जुलैत तो परत निघाला, तर वाटेतली टेक्लानिका नदी दुथडी भरून वाहत होती. तो मागे फिरला. मैलभराच्या आत नदीवर हाताने ओढायचा पाळणा होता, पण जवळ नकाशा नसल्याने त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

नकाशा घेतला तर रानाचं रानपण उरतं कुठे, असं कोणी विचारेल. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्लींनी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात वर्षानुवर्षं काढली, ती तिथल्या आदिवासींकडून पाखरं नि झाडं शिकत. त्यांचं रान त्यामुळे तसूभरही उणं झालं नाही, उलट ते मराठी वाचकांच्या घरोघरी पोचलं. मॅकँडलेसच्या बसच्या वाटेवर निघालेल्या दोन तरुणी मात्र २०१० आणि २०१९ मध्ये त्याच टेक्लानिकात बुडाल्या. अखेर २०२० मध्ये ती बस हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली.

तुमच्यापैकी कोणाला सह्याद्री खुणावत असेल, कोणाला हिमालय. खुशाल जा. जाताना नकाशा घ्या, पायथ्याच्या गावातल्या जाणत्याला वाट आणि पाणी विचारा आणि कधी परतणार ते घरी सांगून निघा.