तातडीची परवानगी म्हणजे काय?



पीक ऐन भरात असताना एखादी नवीच कीड शिवारात उतरते. दुकानात औषधे तर पुष्कळ असतात, पण त्या पिकावर त्या किडीसाठी म्हणून सरकारदरबारी एकाचीही नोंद झालेली नसते. अशा वेळी सरकार काय करते, आणि आपण काय करावे, याविषयी आज बोलायचे आहे. उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या मक्याचे घेऊ.

मे 2018 मध्ये कर्नाटकातल्या शिवमोगा भागात मक्यावर एक परकी अळी आढळली. ही मूळची अमेरिका खंडातली. 2016 साली ती आफ्रिकेत पोचली आणि तिथून पुढे आपल्याकडे आली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो, आणि एक मादी आपल्या आयुष्यात हजाराच्या वर अंडी घालू शकते. मग तिला यायला कितीसा वेळ लागणार? त्याच वर्षी ती महाराष्ट्रात आली, आणि 2019 च्या खरिपात सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या मक्याच्या तालुक्यांत पोंगेच्या पोंगे कुरतडलेले दिसू लागले. हीच ती अमेरिकन लष्करी अळी. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात बसवल्यासारखे चार ठिपके, ही तिची ओळख.

आता कायद्याचे थोडे ऐका. 1958 साली केरळात पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक वाहतुकीत धान्याच्या पिठात आणि साखरेत मिसळले गेले, आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर विचार सुरू झाला आणि 1968 साली कीटकनाशक कायदा झाला. या कायद्याप्रमाणे केंद्राची एक नोंदणी समिती असते. कोणते औषध, कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचे, हे ती तपासून ठरवते. बाटलीवर जे छापलेले असते ते या तपासणीतून आलेले असते. ही तपासणी एका दिवसात होत नाही. प्रयोग करावे लागतात, पिकात अंश किती उरतो ते पाहावे लागते.

पण अळी काही समितीच्या बैठकीसाठी थांबत नाही! म्हणून मक्यावरच्या या अळीसाठी काही औषधांना तात्पुरती मान्यता देण्यात आली. त्यांत 18.5 टक्के क्लोरँट्रानिलीप्रोल होते, 11.7 टक्के स्पिनेटोरम होते, आणि थायामेथोक्झाम व लॅम्बडा सायहॅलोथ्रिन यांचे तयार मिश्रणही होते. ही औषधे देशात नवी नव्हती. दुसऱ्या पिकांवर ती चालत होतीच. मक्यावर या किडीसाठी वापरण्याची मुभा तेवढी नवी होती.

ही मुभा कशी असते? आपण मराठवाड्यातली माणसे. टंचाईचा टँकर आपल्याला ठाऊक आहे. टँकर अमुक गावाला, अमुक खेपा, अमुक तारखेपर्यंत मंजूर होतो. टँकर आला म्हणून विहिरीला पाणी लागले असे कुणी म्हणत नाही. तातडीची परवानगी तशीच आहे. ती एका पिकापुरती, एका किडीपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. मक्याला मिळालेली परवानगी ज्वारीला लागू होत नाही. आणि परवानगी मिळाली याचा अर्थ औषध निर्धोक ठरले, असाही नव्हे.

इथेच एक पेच पडतो. आम्ही तुम्हाला नेहमी सांगतो, बाटलीवरची चिठ्ठी वाचा. पण तातडीची परवानगी वेगळ्या पत्रकाने येते. बाटल्या मात्र आधीच छापून दुकानात आलेल्या असतात. त्यांवर मक्याचे नाव कुठून असणार? मग शेतकरी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहतो, आणि दुकानदार जी बाटली हातात देईल ती घेऊन घरी येतो. बरे, नाव एकच पण ताकद वेगळी, असेही असते. क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्क्यांचे पातळ मिळते, तसेच 0.4 टक्क्यांचे दाणेदारही मिळते. नुसत्या नावावर विसंबलात तर घोटाळा झालाच म्हणून समजा.

म्हणून अशा वेळी पैसे मोजण्याआधी चार प्रश्न विचारा. पहिला, ही परवानगी माझ्याच पिकाला आणि याच किडीला आहे का? दुसरा, तिची मुदत अजून चालू आहे का? तिसरा, टक्केवारी कोणती आणि मात्रा किती? चौथा, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी कणीस खुडायचे आणि वैरण जनावरांपुढे टाकायची? हा चौथा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण मक्याचे कणीस आपण भाजून खातो आणि हिरवा चारा दुभत्या म्हशीपुढे जातो. उत्तरे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून, कृषी विज्ञान केंद्रातून किंवा 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या मोफत क्रमांकावर मिळतात. मात्रा मी इथे मुद्दाम सांगत नाही. शिफारशी बदलतात; त्या वर्षीचे लेखी पत्रकच प्रमाण माना. आणि दुकानातून पक्की पावती घेतल्याशिवाय निघू नका.

घाईची किंमत काय असते हे 2017 साली यवतमाळने पाहिले. कपाशी माणसाच्या वर वाढलेली, औषधांची मनाने केलेली मिश्रणे, तोंडाला फडके नाही, हातमोजे नाहीत. त्या एका जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते. त्यानंतर राज्य सरकारने विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ठरावीक औषधांची विक्री 60 दिवस थांबवली. म्हणजे तातडीने सूट देता येते, तशी तातडीने बंदीही घालता येते. पण राज्याच्या या बंदीलाही मुदत असते. ती संपली की मालकाला आपल्या मजुराची काळजी स्वतःच घ्यावी लागते.

हा प्रश्न आपल्याच देशाचा आहे असे नाही. युरोपात अशा तातडीच्या परवानगीला 120 दिवसांची मर्यादा आहे. तरी काही देश बीटच्या बियाण्याला लावायच्या बंदी घातलेल्या औषधांसाठी वर्षामागून वर्ष ती देत राहिले. शेवटी जानेवारी 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बंदी घातलेल्या या औषधांची प्रक्रिया केलेल्या बियाण्याला अशी पळवाट देता येणार नाही. दरसालची तातडी ही तातडी राहत नाही, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणू नका. मका उगवल्यापासून आठवड्यातून दोनदा शेतात फिरा. कामगंध सापळे लावा. पानावर अंड्यांचा पुंजका दिसला की चुरडून टाका. अळी मोठी होऊन पोंग्यात शिरली, की तिच्या विष्ठेचा भुसा वर साचतो आणि फवारा आत पोचत नाही. मग औषध कितीही भारी असले तरी पैसा मातीत जातो.

गुरुजनहो, एक काम तुमच्याकडे मागतो. बाटलीसोबतच्या घडीपत्रिकेची अक्षरे मुंगीएवढी असतात. वरच्या वर्गातल्या मुलांना एकदा ती वाचायला शिकवा. चिठ्ठीवरच्या चौकोनातला लाल रंग सर्वांत जहाल विषाचा, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, एवढे त्यांना पाठ करून द्या. मात्र रिकामी बाटली वर्गात आणू नका. कागद तेवढा पुरे. ज्या घरात वडील पंप पाठीला लावतात, त्या घरात ही माहिती पोर आपल्या तोंडाने सांगेल, आणि पोराचे बोलणे बाप ऐकतो.