ओळखी वाढवणारी मुलगी



पत्रकारिता शिकायला नागपूरला निघाले, तेव्हा आईनं बजावलं होतं, "फार ओळखी वाढवू नको बाई." मी ऐकलं, आणि तिथंच फसले. कुठल्या पेपरात जागा निघाली हे मुलांना रात्री पानठेल्यावर कळायचं. आमच्या वसतिगृहाचं फाटक आठला बंद! एक जागा तर भरल्यावर मला कळली.

पुढे 'नेटवर्क ऑफ विमेन इन मीडिया, इंडिया'बद्दल ऐकलं. पत्रकार स्त्रियांनी २००२ मध्ये स्वतःच उभारलेलं जाळं. मग आम्ही पाचजणींनीही ठरवलं : कुठं जागा आहे, मानधन किती, कोण पैसे बुडवतं, सगळं एकमेकींना सांगायचं. माझी दुसरी नोकरी त्यातूनच मिळाली.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. मुंबईच्या एका सहकारी मैत्रिणीला राजूरला जायचं होतं. मी आपल्याच वर्गातल्या एकीला कित्येक वर्षांनी फोन केला. "कशाला?" असंही न विचारता तिनं गाडी ठरवून दिली. (ती आज समोरच बसली आहे, लाजते आहे.)

शाळेतली कुणी मुलगी या क्षेत्रात येत असेल, तर तिला माझा नंबर द्या. रात्री आठनंतरही चालेल.