फळ शेताचं, बाटली कुणाची?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

आम्ही तिघी, म्हणजे सासूबाई आणि दोघी जावा, पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधल्या एका गावातून बोलतोय. शेत दीड एकर. पीक स्ट्रॉबेरीचं, बांधाला थोडी तुती. आज जॅम कसा करायचा ते सांगू, आणि जॅमच्या पैशाचा हिशेब कसा ठेवायचा तेही सांगू. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर रोपं लागतात. नोव्हेंबरअखेरीला फळ सुरू होतं ते एप्रिलपर्यंत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं. नाव झालं, पण नावाने फळ टिकत नाही. आंबा आढीत पिकतो तशी स्ट्रॉबेरी खुडल्यावर पिकत नाही. ती पिकलेलीच खुडायची, आणि पिकलेली फार तर दोन-तीन दिवस थांबते. थोरलं, देखणं फळ पेटीत भरून पुण्या-मुंबईला जातं. मार्चचं ऊन लागलं की फळ बारीक होतं, भाव उतरतो. चवीला तेच सगळ्यात गोड असतं, पण त्याला विचारणारं कुणी नसतं.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा फळ ऐन भरात होतं. पर्यटक बंद, गाड्या बंद. पोरांपुरता जॅम घरी आधीपासून व्हायचा. त्या उन्हाळ्यात तो पातेल्यांनी केला आणि पुढच्या वर्षी धंदा म्हणून धरला.

आता कृती. चार किलो फळ, तीन किलो साखर, पाच-सहा लिंबांचा रस. स्ट्रॉबेरीत जॅम धरून ठेवणारं पेक्टिन कमी असतं. लिंबाच्या आंबटपणामुळे आहे तेवढं नीट काम करतं. एप्रिलमध्ये रानात कच्ची करवंदं मिळाली, तर त्यांचा मूठभर गर घालायचा. त्यात पेक्टिन भरपूर. ही युक्ती सासूबाईंची. पातेलं पसरट घ्या, म्हणजे पाणी लवकर आटतं आणि रंग काळवंडत नाही.

पुस्तकात लिहिलेलं असतं, जॅम 105 अंशांवर उतरवा. ते समुद्रकाठच्या गावाला लागू. आम्ही राहतो चार हजार फुटांवर. इथे पाणीच 96 अंशांच्या आसपास उकळतं. त्यामुळे आमचा जॅम 101 ला तयार होतो. 105 ची वाट पाहिली, तर चिक्की होईल! वाईच्या बायकांचा आकडा आमच्यापेक्षा वेगळा येणार. सोपा नियम असा: आधी साधं पाणी उकळून तापमापक बुडवा, जो आकडा येईल त्यात साडेचार-पाच मिळवा. तापमापक नसेल, तर गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकला. सुरकुती पडली की उतरवा. बाटल्या उकळून कोरड्या केलेल्या हव्यात आणि जॅम गरम असतानाच भरायचा.

चार किलो फळाचा साधारण पाच किलो जॅम होतो. म्हणजे शंभर ग्रॅम जॅममागे ऐंशी ग्रॅम फळ. अन्नसुरक्षेच्या नियमांत बहुतेक जॅमला किमान 45 टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरीच्या जॅमला 25 टक्केही चालतं. म्हणून आमची बाटली महाग का, असं गिऱ्हाइकाने विचारलं, की आम्ही लेबलावरचा फळाचा आकडा दाखवतो. तुम्हीही तो छापा. आपल्या जिन्नसाची तीच जाहिरात.

आता पैशाचं. पहिली दोन वर्षं जॅमचा पैसा घरात आला आणि घरातच मुरला. थोडा खतात गेला, थोडा ठिबकच्या नळ्यांत. वाया गेला नाही, पण जॅम परवडतो का, हे कुणालाच सांगता येईना. आम्ही म्हटलं, वेगळं खातं काढू. मामंजी म्हणाले, “फळ शेताचं, गॅस घरचा, मग पैसा तुमचा कसा?”

प्रश्न रास्त होता. आम्ही रात्रभर विचार करून उत्तर दिलं: फळ आम्ही विकत घेऊ. जॅमच्या फळाला त्या दिवशी व्यापारी जो भाव देतो, तोच आम्ही शेताला देऊ. तेव्हापासून वहीत रोज लिहितो: फळ, साखर, बाटल्या, गॅस आणि आमची हजेरी. खुडणीच्या बाईला जी हजेरी, तीच आम्हा तिघींना. पूर्वी हजेरीचा रकाना कोराच असायचा. घरच्या बाईचं काम फुकट धरलं, की कुठलाही धंदा फायद्यातच दिसतो!

वहीने लगेच एक गोष्ट दाखवली. जॅम परवडत होता. सरबताचा क्रश परवडत नव्हता, त्यात आमची निम्मीसुद्धा हजेरी सुटत नव्हती. क्रश बंद केला. मामंजींनाही वही पटली, कारण शेताला फळाचा भाव रोख मिळू लागला.

अन्नपरवान्याची नोंदणी करताना कुणी म्हणालं, मुलाच्या नावावर करा, सोपं पडेल. आम्ही सासूबाईंच्या नावावर केली. चाळीस वर्षं ज्या शेतात त्या राबल्या, त्याच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, आम्हा दोघींचंही नाही. हा विषय घरात आता निघाला आहे, अजून मिटलेला नाही. बाटलीवरच्या नोंदणीच्या क्रमांकामागे मात्र त्यांचं नाव आहे.

तुमच्याकडे स्ट्रॉबेरी नसेल. करवंदं असतील, जांभळं असतील, आवळे असतील. पातेलं चुलीवर चढवण्याआधी एक वही घाला आणि पहिल्या पानावर स्वतःची हजेरी लिहा. जॅम बिघडला तर पुन्हा करता येतो. न लिहिलेली हजेरी पुन्हा कुणी देत नाही.