तपासणीपूर्वींचे दिवस

पोट बिघडलें कीं मनुष्याला दोन गोष्टींची घाई होते. त्रास थांबावा ही एक आणि त्याचें कारण कळावें ही दुसरी. परंतु तपासणीची तारीख कांहीं दिवसांवर असतांना या दोन इच्छा कधीं कधीं एकमेकींच्या आड येतात. मळमळ शमविण्यासाठीं घेतलेलें औषध रोगाची खूणच झांकून टाकतें.

जठरव्रणाचें उदाहरण घ्यावें. चिंता व तिखट यांमुळें तो होतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथील रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनीं त्याच्या मुळाशीं असलेला जंतु दाखवून दिला. १९८४ सालीं मार्शल यांनीं तो जंतु स्वतः प्राशन केला. थोड्याच दिवसांत त्यांना मळमळ व वांत्या सुरू झाल्या आणि जठरास दाह झाल्याचें आढळलें. २००५ मध्यें दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. हा हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतु आज श्वासाच्या किंवा मलाच्या परीक्षेनें ओळखतां येतो. मात्र ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारख्या आम्लनिरोधक गोळ्या चालू असल्यास, जंतु असूनही तो नसल्याचा निर्वाळा मिळण्याचा संभव असतो. म्हणून अशा गोळ्या सामान्यतः दोन आठवडे व जंतुनाशक औषधें चार आठवडे आधीं थांबविण्यास डॉक्टर सांगतात. त्यांना विचारल्यावांचून रोग्यानें कोणतेंही औषध बंद करूं नये, हेंही तितकेंच खरें. गव्हांतील ग्लुटेन सोसत नसल्याचा संशय असेल तर परीक्षेपूर्वीं पोळी सोडणें हीही चूकच. असा रोगी आपला पुरावा घरींच ठेवून जातो.

मग मधले दिवस काढावे कसे? दोन भरपेट जेवणांऐवजीं दर दोन-तीन तासांनीं थोडें थोडें खावें. मऊ भात, पेज, मुगाचें पातळ वरण हीं बहुधा सोसतात. तळलेले पदार्थ जठरांत रेंगाळतात. जेवल्याबरोबर आडवें होऊं नये. आल्याचा लहानसा तुकडा कित्येकांस आराम देतो. वांत्या होत असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत साखरेचे सहा व मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा विरघळवून तें घोट घोट प्यावें. मधुमेही व मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं मात्र आधीं डॉक्टरांस विचारावें. अंगदुखीसाठीं आपल्या मनानें ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊं नये. त्यांनींही व्रण होतात.

एक लहानशी वही मात्र अवश्य ठेवावी. काय खाल्लें, मळमळ केव्हां झाली, किती वेळ टिकली, कोणती गोळी घेतली, हें तारीखवार लिहिलेलें असलें म्हणजे डॉक्टरांचें निम्में काम सोपें होतें.

परंतु कांहीं लक्षणें तारखेची वाट पाहूं देत नाहींत. वांतींत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ पडणें, डांबरासारखा काळा मल होणें, पाणीही न ठरणें, पोटांत असह्य कळ येणें, मळमळीबरोबर छातींत दडपण येऊन घाम सुटणें, यांपैकीं कांहींही घडल्यास रोग्यास त्याच घटकेस रुग्णालयांत न्यावें. गिळतांना अन्न अडकूं लागलें किंवा वजन विनाकारण घटूं लागलें, तर डॉक्टरांस कळवून तपासणी अलीकडे आणावी. संयम हा तपासणीपूर्वींच्या दिवसांतील पथ्याचाच भाग आहे; या खुणा दिसल्यावर मात्र तो धरून बसणें म्हणजे कुपथ्य होय.