निळी टोपी कोणाच्या बाजूची?

(कळमेश्वर इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक झालेला माणूस. मुंबईच्या गोदीत माल उचलतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो. इथल्या पोरांनी मला विषय दिला : युनोच्या शांतिसैनिकाच्या डोक्यावर निळी टोपी असते, तिचा अर्थ काय? म्हटलं, विषय बरोबर माणसाला दिला. गोदीत आम्ही माणूस टोपीवरूनच ओळखतो. पांढरं हेल्मेट दिसलं की साहेब. पिवळं दिसलं की आम्ही. क्रेनखाली कोणी उभं राहायचं ते डोक्यावरचा रंग सांगतो.

आपल्या मराठीत टोपी आधीच बदनाम. कोणी फसवलं की आपण म्हणतो, टोपी घातली. कोणी पक्ष बदलला की म्हणतो, टोपी फिरवली. पांढऱ्या टोप्या बघून झाल्या, काळ्या बघून झाल्या. तेव्हा कोणी निळी टोपी दाखवून ‘शांतता’ म्हणालं, की आपण तीन प्रश्न विचारायचे. ही आली कुठून? घातली कोणाच्या डोक्यावर? आणि हुकूम कोणाचा?

आली ती अशी. 1956 च्या जुलैत इजिप्तच्या नासरनं सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. ऑक्टोबर संपता संपता इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स त्याच्यावर तुटून पडले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात युनोच्या आमसभेनं ठरवलं, मधे उभी राहणारी फौज पाठवायची. सूचना कॅनडाच्या लेस्टर पिअरसन यांची, उभारणी सरचिटणीस दाग हामरशोल्ड यांची. पण अडचण झाली. कॅनडाच्या सैनिकांचा गणवेश इंग्रजांसारखाच! इजिप्तच्या शिपायानं लांबून कसं ओळखावं, हा लढायला आलाय का लढाई थांबवायला? निळ्या कापडी टोप्या तयार व्हायला कित्येक आठवडे लागणार होते. मग युरोपात पडून असलेली अमेरिकन हेल्मेटांच्या आतली प्लास्टिकची टोपणं उचलली आणि त्यांच्यावर निळा रंग फवारला. झाली निळी टोपी. घाईतलं काम, आपल्या धक्क्यावर पेट्यांवर खुणा मारतात तसं.

रंग निळाच का? युनोचं बोधचिन्ह 1945 साली ज्यांनी काढलं, त्यांनी लाल हा लढाईचा रंग मानला आणि त्याच्या उलट म्हणून निळा घेतला.

आता एक तारीख ऐका. त्याच 1956 च्या 14 ऑक्टोबरला, इथून हाकेच्या अंतरावर, नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. तीन आठवड्यांनी तिकडं युनोत ही फौज ठरली. हा निव्वळ योगायोग. त्यांच्या निळ्याचं आणि आपल्या निळ्याचं गोत्र जुळवून मी तुम्हाला टोपी घालणार नाही. पण तुलना करायला काय हरकत आहे?

सैनिकाचा गणवेश कशासाठी असतो? लपण्यासाठी. माती, झाड, पाला यांच्यात माणूस मिसळून जावा म्हणून. शांतिसैनिक अंगावर आपल्याच देशाचा गणवेश घालतो, फक्त डोकं निळं करतो. शीख सैनिक निळी पगडी बांधतो. गाड्यांना पांढरा रंग देतात. म्हणजे लपायचं सोडून त्यानं लांबून दिसायचं असतं. समोरच्यानं ती टोपी मानली तर ती ढाल, नाही मानली तर तोच रंग निशाणा होतो. भारतातून आजवर अडीच लाखांहून जास्त माणसं या कामावर गेली, पावणेदोनशेच्या आसपास परत आली नाहीत.

त्यांच्यात आपलीही माणसं आहेत. 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, लढाऊ जात नाही म्हणून. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन 1942 साली आपल्या शेजारच्या कामठीत उभी झाली. त्याच रेजिमेंटची पाचवी बटालियन 1993-94 ला युनोच्या कामावर सोमालियात होती. तिथं दुष्काळ आणि यादवी. भारतीय ब्रिगेडचं एक मोठं काम होतं धान्याच्या गाड्या भुकेल्यांपर्यंत सुखरूप पोचवणं. ज्यांच्या बापजाद्यांना गावाच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांनी परक्या मुलखातल्या भुकेल्यांच्या भाकरीवर पहारा दिला! मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, आणि रागही येतो.

राग कशाचा? हुकमाचा. ठराव सुरक्षा परिषदेत होतो. तिथं अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स हे पाच कायमचे बसलेत. एकानं नकाराधिकार वापरला की काम खलास. आणि उन्हात उभं राहायला सर्वांत जास्त माणसं कुठली? नेपाळ, बांगलादेश, भारत, रवांडा. पांढरं हेल्मेट आणि पिवळं हेल्मेट, दुसरं काय!

हाच रवांडा 1994 साली जळत होता. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली, बहुतेक तुत्सी. युनोची अडीच हजारांची फौज तिथं होती. तिचे प्रमुख रोमिओ डलेर जादा माणसं मागत होते. परिषदेनं 21 एप्रिलला ठराव केला : फौज 270 वर आणा. बेल्जियमच्या दहा सैनिकांचा आधीच खून झाला होता. माघारी निघालेल्या त्यांच्या सोबत्यांनी किगालीच्या विमानतळावर आपल्या निळ्या टोप्या टराटरा फाडल्या. पुढच्या साली बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा. युनोनंच ‘सुरक्षित’ ठरवलेलं गाव. निळ्या टोप्या हजर असताना मुसलमान पुरुष आणि पोरं मारण्यासाठी वेगळी काढली गेली; एकूण आठ हजारांवर मारली गेली.

या मढ्यांवरून युनोला थोडं शहाणपण आलं. अल्जेरियाचे लखदर ब्राहिमी यांच्या समितीनं 2000 साली अहवाल दिला. त्याचा मथितार्थ असा : निःपक्षपाती असणं म्हणजे तटस्थ बसणं नव्हे. एक बाजू उघड अत्याचार करत असेल आणि तुम्ही दोघांना सारखंच वागवलं, तर तुम्ही त्या पापात भागीदार होऊ शकता.

मित्रांनो, हे कळायला आपल्याला अहवाल लागत नाही. वस्तीवर हल्ला होतो, मग शांतता समितीची बैठक होते. मारणारा आणि मार खाणारा एकाच सतरंजीवर. वर सल्ला : दोन्ही बाजूंनी शांत राहा. भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला 29 सप्टेंबर 2006 ला एका घरातली चार माणसं मारली. तिथं दोन बाजू कोणत्या होत्या, सांगा की! एक जमाव आणि एक घर.

मग निळी टोपी फेकून द्यायची का? मी म्हणतो, नाही. बंदुका रोखलेल्या दोघांच्या मधे कोणीतरी उघड्यावर उभं राहावं, ही कल्पनाच मोठी आहे. दरसाल दीक्षाभूमीवर समता सैनिक दलाची पोरंपोरी रिकाम्या हातांनी लाखोंची गर्दी सांभाळतात. तीही मधेच उभी असतात. पण ती कोणासाठी उभी आहेत ते गर्दीतल्या म्हातारीलाही ठाऊक असतं. टोपीचा अर्थ तिथून येतो.

म्हणून उद्या कोणी निळं घालून तुमच्या वस्तीत शांततेची भाषा करायला आला, तर त्याच्या टोपीकडं बघू नका. तो तोंड कोणाकडं करून उभा राहतो आणि पाठ कोणाकडं, ते बघा. ज्याला वाचवायचं त्याच्याकडं पाठ लागते, आणि मारणाऱ्याकडं तोंड. आपल्यातल्याही निळ्या टोप्यांना हीच परीक्षा लावा.

जय भीम.