ठेका बदलतो, कामगार तेथेच राहतो
(देवगाव फाटा येथे झालेले भाषण)



घरातील शिकलेला मुलगा सरकारी कचेरीत कामाला लागला म्हणजे आईबापांस धन्यता वाटते. परंतु तो सरकारचा नोकर आहे की सरकारचे काम घेतलेल्या ठेकेदाराचा, हे आपण कधी विचारले आहे काय? ठेकेदाराच्या हजेरीपटावर जो शिपाई किंवा सफाई कामगार म्हणून चढला, तो दहा वर्षांनीही बहुधा तेथेच असतो. मुदत संपते, नवा ठेकेदार येतो. माणूस तोच, झाडू तोच, मात्र त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. बढतीची पायरीच तेथे बांधलेली नसते. आणि जी जागा ठेक्यात गेली, तिच्यावरील आपले आरक्षणही बहुधा गुपचूप गेले असे समजा.

हे दुखणे नवे नव्हे. येथून सेलूला जाऊन गाडी धरली की मनमाड येते. त्या मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानावरून बाबासाहेबांनी दाखवून दिले की, आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरही करीत नसत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत, आणि त्या घराला विटाळ चालत नसे. रुळावर मात्र तेच हात चालत होते!

आज विटाळाचे कारण कोणी तोंडाने सांगत नाही, ठेक्याचा कागद पुढे करतात. तो कागद खोटा ठरविता येतो, हे मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांनी दाखविले आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने दावा लढविला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली तो ठेका केवळ देखावा ठरविला, आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. तरीही नावांच्या पडताळणीचा प्रश्न उरलाच. खऱ्या कामगारालाही आपण खरे आहोत हे कागदाने सिद्ध करावे लागते.

म्हणून प्रत्येक ठेकेदाराचे ओळखपत्र व पगाराची पावती जपून ठेवा. काम कोण सांगतो, रजा कोण देतो, अवजारे कोणाची, हे तारखेसह वहीत लिहा. न्यायालयात हेच विचारतात. ठेकेदाराकडे एकट्याने जाऊ नका. सेलूत व जिंतुरात आपले किती जण एकाच ठेकेदाराकडे आहेत, त्यांची यादी येथून उठण्यापूर्वी करू या. कागद मी आणला आहे.